झाकणावरचा चमचा

३ फेब्रुवारी, सोमवार

नातीनं आज कारखान्यात सगळ्यांना एकेक वही वाटली. रोज काय झालं ते लिहायचं, म्हणे. अन्नसुरक्षेचं शिक्षण घेऊन आली आणि तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, तिला सेफ्टी मॅनेजर करून टाकलं. महिना झाला. तेव्हापासून केसांना जाळी, हातांना मोजे आणि भिंतींना पाट्या. भिंतीनं काय पाप केलं होतं कोण जाणे.

मी चौथी पास. तीही बाईंना माझा कंटाळा आला म्हणून. तरी मलाही वही. कारखान्याच्या वहीत मी लिहिलं, "सर्व ठीक." मग तिच्या गठ्ठ्यातून आणखी एक वही उचलली. ती ही. जे तिकडे लिहिता येत नाही ते इथं. वही साखरेच्या जुन्या डब्यात ठेवणार. आमच्या घरात जॅम विकतात, पण साखरेच्या डब्याला हात लावायला सगळे घाबरतात.

माझं काम झाकण वाजवायचं. जॅम कढत असतानाच बरणीत भरतात, झाकण लावतात. बरणी निवली की झाकणाचं पोट आत ओढलं जातं. मग त्यावर चमचा मारायचा. टण् वाजलं तर बरणी चांगली. ठप वाजलं तर आत हवा शिरली, बाजूला काढा. शिकायला एवढंच आहे, पण त्याला कान लागतो. अडतीस वर्षं वाजवतेय. आधी स्वयंपाकघरात दोन पातेल्यांवर, आता दिवसाला हजार बरण्यांवर. मुलानं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलंय, "प्रत्येक बरणीची अनुभवी कानाने तपासणी." तो कान माझा.

दाराची बेल पुन्हा बिघडली. दुरुस्त करणाऱ्याला तिसऱ्यांदा बोलावलं. तो म्हणतो, बेल ठणठणीत आहे. मेला फुकटचे पैसे खातो.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुलानं वर्षाचा ताळेबंद जेवणाच्या टेबलावर पसरला. आमटीचे दोन थेंब नफ्यावर पडले तरी रागावला नाही, म्हणजे आकडा चांगला असणार. गेली सहा वर्षं शंभरामागे चार सुटायचे. यंदा नऊ. झाकणं स्वस्तातली घेतली, कमी साखरेचा नवा जॅम काढला तो खपला, आणि फेकायच्या बरण्या जवळजवळ बंद झाल्या.

नातीनं बोट ठेवलं. "आजी, तीन वर्षांपूर्वी तू वर्षाला एकवीसशे बरण्या बाद केल्या होत्यास. यंदा शहाण्णव?"

"कामात सुधारणा होते माणसाच्या."

"कुणाच्या? भरणाऱ्यांच्या की तुझ्या?"

बापानं तिला गप्प केलं. "प्रत्येक चांगल्या गोष्टीत किडा शोधू नकोस." ती माझ्याकडे बघत राहिली. पोलिसात जायला हवी होती पोरगी.

वीस तारखेला मोठ्या दुकानांच्या साखळीची बाई कारखाना बघायला येणार. पसंत पडलं तर साठ दुकानांत आमच्या बरण्या. मुलगा दोन घास जास्त जेवला.

सून काय बोलते ते कळत नाही हल्ली. तोंडातल्या तोंडात. बोलायला काय कर लागतो का?

१० फेब्रुवारी, सोमवार

झाकणवाली आज माझ्या टेबलाशी आली. तिचं खरं नाव आहे, पण बावीस वर्षं ती झाकणं लावते, नाव कशाला लक्षात राहतंय. आधी खांद्याला हात लावते, मग बोलते. लाडीगोडी.

"आजी, मला परत जॅमकडे घ्या ना."

"का? ज्यूसच्या बाटल्या चावतात?"

"तसं नाही."

"मग कसं?"

ती माझ्या टेबलावरच्या बरण्यांकडे बघायला लागली. नोव्हेंबरात मीच तिला ज्यूसकडे पाठवायला लावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका डबे उघडायच्या आणि ही माझ्या टेबलामागे घुटमळायची. मी तपासलेल्या बरण्यांत हात घालायची. कधी चमचासुद्धा घ्यायची माझा. मला खपत नाही. माझ्या कामावर माझ्या मागे दुसरं कुणी काम करायचं नाही.

"तिथंच राहा," म्हटलं. "ज्यूसला तुझी गरज आहे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बरण्या निववायच्या खोलीत बसले होते. पूर्वी त्या खोलीत बसलं की मजा यायची. निवता निवता एकेक झाकण आत जायचं, टक. मग तिकडे टक. मग एकदम चार. तव्यावर मोहरी तडतडल्यासारखी सगळी खोली तडतडायची. आता ही नवी झाकणं मुकी. मुलाला म्हटलं, "स्वस्तातली झाकणं आवाज करत नाहीत." तो फोनवर होता. "हो आई, नवीन आहेत," म्हणाला आणि गेला.

स्वस्त वस्तूला जीव नसतो, तर आवाज कुठून असणार.

कमी साखरेचा जॅम मला आवडत नाही. साखर असली की जॅम स्वतःची राखण स्वतः करतो. साखर काढली की राखणीला फक्त झाकण. येत्या शुक्रवारी तोच जॅम इस्पितळाच्या कँटीनला जाणार, दोन हजार बरण्या. आजारी माणसांना गोड कमी द्यायचं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कोपऱ्यावरचा दुकानदार कमी साखरेची एक बरणी घेऊन आला. आपला जुना माणूस, म्हणून ओरडला नाही, नुसती टेबलावर ठेवली. झाकणाचं पोट वर आलेलं. जॅमवर हिरवी बुरशी, मखमलीसारखी.

"आजी, गिऱ्हाइकानं दुकानात उघडली नाही म्हणून बरं. उघडली असती तर माझ्या डोक्यावर ओतली असती."

मी त्याला दुसरी बरणी दिली, चहा दिला, घालवलं. मग चमचा घेतला.

फुगलेल्या झाकणावर मारला. मग शेजारच्या चांगल्या झाकणावर. मग परत फुगलेल्यावर.

दोन्ही सारखी वाजली.

चमचा बदलला. जेवणाचा घेतला, चहाचा घेतला. टेबल बदललं. डावा कान खाली आणला, मग उजवा. डाव्या कानाला थोडा फरक वाटला, नाही वाटला. उजव्याला काहीच नाही. झाकण फुगलेलं आहे हे डोळ्यांना दिसतंय आणि कान सांगतोय सगळं बरं आहे.

घरी आले. सुनेला म्हटलं, दाराबाहेर जा आणि बेल वाजव. ती गेली. मी दाराला टेकून उभी राहिले. दार उघडून म्हटलं, "वाजव ना." ती म्हणाली, "पाच वेळा वाजवली."

बेलवाल्याचे पैसे द्यायला हवेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्याच्या वहीत लिहिलं, "सर्व ठीक." हाताला लिहायची सवय झालीय.

हजार बरण्या वाजवल्या. बायका समोरून जाताना बघतात, आजी वाजवतेय म्हणजे झालं. माझ्या हातात चमचा असला की पुढं कुणी विचार करत नाही. देवळात घंटा वाजवणाऱ्याला कुणी विचारतं का, देव घरी आहे का?

सांगितलं तर परवाची ती बाई आल्या पावली जाणार. साठ दुकानं जाणार. मुलाचे नऊ जाणार. आणि मी घरी बसणार, सुनेची पुटपुट न ऐकता. नाही सांगितलं तर शुक्रवारी दोन हजार बरण्या आजारी माणसांच्या पोटात.

हे असं मांडलं की सोपं दिसतं. तरी दिवसभर तोंड उघडलं नाही. मी, जिचं तोंड मिटलेलं कुणी बघितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

झाकणवालीला निववायच्या खोलीत बोलावलं. बरण्या नुकत्याच आल्या होत्या, गरम.

"खरं सांग. झाकणं वाजतायत का आत्ता?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. हो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन वर्षं." खांद्यावर हात ठेवून, तोंडासमोर तोंड आणून बोलली. म्हणजे लाडीगोडी नव्हती ती. मला ऐकू यावं म्हणून करायची. "तुम्ही वाजवलेल्या बरण्या मी जेवणाच्या सुट्टीत परत वाजवायचे. ठप वाजली की गुपचूप काढायचे, परत शिजवायला टाकायचे. वहीत नाही लिहिल्या. तुमचा कान आहे ना त्या माहितीपत्रकावर."

"आणि नोव्हेंबरापासून?"

"नोव्हेंबरापासून तुम्ही मला ज्यूसकडे पाठवलंत."

कमी साखरेचा जॅम नोव्हेंबरातच सुरू झाला.

"भवाने," मी म्हटलं, "तोंड नव्हतं तुला?"

"तुम्हाला सांगायचं? तुम्हाला?" ती हसली, मग तिचे डोळे भरले, मग मला राग आला. "रडू नकोस, जॅममध्ये पडेल. कमी मिठाचा पण काढावा लागेल."

तिचं चुकलं. माझं जास्त चुकलं. मला कुणी काही सांगू शकत नाही असं घर आणि असा कारखाना मीच उभा केला, अडतीस वर्षं घासून.

दुपारी मुलाला सांगितलं. तो खुर्चीत बसला. मग उठला. मग परत बसला.

"आई, कुणी आजारी पडलेलं नाही. एक बरणी परत आली, एक. उद्याचा दिवस जाऊ दे. मग हळूहळू काय ते करू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली तर चालते. बरणी नीट झाकली नाही तर बुरशी येते."

"पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस."

त्याला वाईट म्हणत नाही मी. बावीस बायकांचे पगार त्याच्या डोक्यावर आहेत, आणि यंदा पहिल्यांदा तो रात्रीच्या गोळीशिवाय झोपतोय. पण दोन हजार बरण्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ती बाई आली. हातात फाइल, पायात आवाज न करणारे बूट. की करत होते आणि मला ऐकू आले नाहीत, देव जाणे.

मुलानं तिला सगळं दाखवलं. भट्टी, नळ, हात धुवायची जागा, नातीच्या पाट्या. ताळेबंद दाखवला. तिनं शंभरामागे नऊवर बोट ठेवलं, "छान." मग खाली, बाद बरण्यांच्या रकान्यावर. शहाण्णव. थांबली.

"इतक्या कमी? काय करता तुम्ही?"

मुलगा म्हणाला, "अनुभवी कान." आणि माझ्याकडे हात केला. मग तोच हात पटकन खिशात घातला. ते मी बघितलं.

नात शेजारी उभी होती. तिला काही माहीत नव्हतं, पण तिनं ताळेबंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोरीला तो किडा पहिल्या दिवशीच दिसला होता.

मी त्या बाईला म्हटलं, "बसा." बसली. दुकानदाराची फुगलेली बरणी आणि एक चांगली बरणी टेबलावर ठेवली. चमचा तिच्या हातात दिला. "वाजवा."

तिनं वाजवलं. एकदा, दोनदा.

"फरक कळला?"

"कळला."

"मला कळत नाही. हा तो अनुभवी कान. तीन वर्षं बहिरा आहे, आणि मला सोमवारी समजलं. तुमच्या त्या शहाण्णवमध्ये माझं कौतुक नाही, बहिरेपण आहे. यंदाच्या नफ्यात पण आहे. नोव्हेंबरापासूनचा कमी साखरेचा सगळा जॅम परत मागवायचा आहे. उद्या इस्पितळात जायचा तोही. लिहा."

मुलगा खिडकीकडे वळला. झाकणवाली दारात उभी होती, तिनं तोंडावर पदर घेतला. ती बाई काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही, नातीनं माझ्या डाव्या बाजूला येऊन पुन्हा सांगितलं. "त्या विचारतायत, एकूण किती बरण्या?"

"नऊ हजार बाहेर, पाच हजार गोदामात."

लिहून घेतलं. निघताना माझ्याशी हात मिळवला. करार झाला नाही.

कारखान्याच्या वहीत आज "सर्व ठीक" नाही. नातीनं स्वतः लिहिलं, अडीच पानं. मी खाली सही केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुलगा दोन दिवस बोलत नाही. बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही, हा एक नवा फायदा.

नातीनं सगळ्या दुकानांना फोन लावले. काही दुकानदार ओरडले, तिनं फोन कानापासून लांब धरला तेव्हा कळलं. इस्पितळवाल्यांनी मात्र पत्र पाठवलं, आधी कळवलंत म्हणून आभार. मुलानं ते तीनदा वाचलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवून गेला. म्हणजे बोलला.

१ मार्च, शनिवार

दहा हजारांच्या वर बरण्या हाताशी आल्या. बाकीच्या लोकांनी खाल्ल्या असतील; दुकानदारांकडून विचारलंय, कुणी आजारी पडलेलं नाही. सहा बायका वाजवायला बसल्या, झाकणवाली पुढं. नातीनं झाकणातली हवा मोजायचं छोटं यंत्र आणलंय, सुई टोचून बघायचं. पण टोचलेली बरणी परत विकता येत नाही, म्हणून ते दर शंभरात एकीला. बाकी चमचा. म्हणजे शिकलेल्या पोरीलाही चमचा लागतोच. मी हे तिला तीनदा ऐकवलं.

एकशे एकाहत्तर ठप निघाल्या. बेचाळीस बरण्यांत बुरशी.

बेचाळीस. आकडा लिहून ठेवते. इथंच ठेवते, डब्यात नाही. वही आता टेबलावर राहील.

२ मार्च, रविवार

मुलानं ताळेबंद नव्यानं मांडला. जुन्या वर्षात शंभरामागे तीन. आमटीचे डाग नाहीत यावेळी, कुणी जेवलंच नाही त्या टेबलावर.

"आई," तो म्हणाला, माझ्या डाव्या बाजूला बसून, मोठ्यानं, "तीन खरे आहेत."

"मग तीन पुष्कळ झाले."

"पुष्कळ नाहीत."

"नाहीत. पण खरे आहेत. पुढच्या वर्षी खरे पाच कर."

तो हसला. दहा दिवसांनी.

१२ मार्च, बुधवार

कानाचं यंत्र बसवलं. दाण्याएवढं आहे आणि दागिन्याच्या भावाचं. घरात पाय ठेवला आणि कळलं, फ्रिज सतत कण्हतो, पंख्याचं एक पातं घासतं, आणि सून दिवसभर पुटपुटते. बहुतेक माझ्याबद्दल. पूर्वी तोंडातल्या तोंडात बोलते म्हणायचे. आता कळलं की चांगलं खणखणीत बोलते.

"ऐकू येतंय मला," म्हटलं.

ती थांबली. मग म्हणाली, "बरं झालं. आता तरी एकदा सांगितलेलं पुरेल." आणि पुन्हा सुरू.

२१ मार्च, शुक्रवार

दुकानांच्या साखळीचं पत्र आलं. साठ दुकानं नाहीत. पाच दुकानं, साधा जॅम, सहा महिने बघू, मग पुढचं. पत्राखाली त्या बाईनं हातानं एक ओळ लिहिलीय. "चमचा कोण वाजवतं आता, ते कळवावं."

झाकणवाली वाजवते. पण नातीनं नवा नियम केलाय आणि नियमाची कल्पना माझी आहे, हे तिनं पाटीवर लिहिलं नाही. रोज सकाळी पन्नास बरण्यांत एक ठप बरणी लपवायची, कुणालाही न सांगता. जिला ती सापडली तीच त्या दिवशी वाजवणार. जिला नाही सापडली तिनं चमचा खाली ठेवायचा, वहीत फुली. नाव कितीही मोठं असो. झाकणवालीची आजवर एकही फुली नाही. बाकीच्या तिच्यावर जळतात, म्हणून जोरात शिकतात.

७ एप्रिल, सोमवार

आज मीही रांगेत उभी राहिले. सगळ्या हसल्या. हसू दे. कानात दागिना आहे माझ्या.

पन्नास बरण्या. यंत्रातून सगळं वाजतं, पण सगळं एकाच पातेल्यातून आल्यासारखं. पहिल्या दहांना टण्. वीस, टण्. एकतिसाव्याला वाटलं ठप, मग वाटलं नाही. पुढं गेले. पन्नास झाल्या.

"कुठली, आजी?" झाकणवालीनं विचारलं. खांद्याला हात न लावता, लांबून. आता गरज नाही.

"एकतीस," म्हटलं.

नातीनं यादी बघितली. "चव्वेचाळीस."

 मी चमचा टेबलावर ठेवला. वही ओढली आणि माझ्या नावापुढं फुली मारली. मीच मारली, दुसऱ्या कुणाला मारू दिली नाही. मग झाकणवालीला म्हटलं, "घे. चव्वेचाळीस शोध." तिनं घेतला, आणि चव्वेचाळिसाव्याला हात थांबला. यादीत काय आहे ते ऐकलं नसतं तरी थांबला असता. मला माहीत आहे.

करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून निववायच्या खोलीत जाऊन बसले. नुकतीच खेप आली होती, चारशे बरण्या, गरम. भिंतीवर नातीची पाटी, "येथे बसू नये." बसले.

आणि टक.

मला वाटलं, यंत्र बिघडलं. काढून पुसलं, परत घातलं. टक. मग खिडकीकडच्या रांगेत टक. मग एकदम पाच-सहा, मग सगळी खोली, मोहरी पडल्यासारखी.

मुकी नव्हती ती झाकणं. स्वस्तातलीच होती, पण बोलत होती सारखी.

नात शोधत आली. "आजी, इथं बसायचं नाही, पाटी वाच."

"गप्प," म्हटलं. "मोजतेय."

ती गप्प बसली, माझ्या शेजारी, तिच्याच पाटीखाली. तीनशे सत्त्याण्णवपर्यंत मोजलं. तीन राहिल्या. त्या तीन कुठल्या, ते झाकणवाली सांगेल.